रोमन गेले, मग फरशी कोणी घातली?

प्रश्न : मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा त्याने आम्हाला ग्लॉस्टरशायरमधला चेडवर्थचा रोमन व्हिला, म्हणजे रोमन काळातलं गावाबाहेरचं ऐसपैस घर, दाखवला. तिथली एक मोझेकची (छोटे रंगीत तुकडे जुळवून नक्षी केलेली) फरशी इसवी सन 424 नंतरची आहे असं कळलं. पण रोमन 410 च्या सुमारास ब्रिटन सोडून गेले ना? आणि फरशीवर काही साल कोरलेलं नव्हतं. मग हे ठरवलं कशावरून?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सालाचं आधी सांगतो, कारण माझी सगळी नोकरी त्याच भानगडीत गेली. फरशीचं वय फरशीत शोधायचं नसतं, आजूबाजूच्या मातीत शोधायचं. तुम्ही म्हणता ती फरशी 28 क्रमांकाच्या खोलीत आहे आणि ती खोली एक भिंत घालून तयार केलेली आहे. भिंतीच्या पायासाठी खणलेल्या चरात कोळसा आणि हाडं सापडली. त्यांची कार्बन-14 चाचणी (हाडं, कोळसा अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचं वय सांगणारी) झाली आणि भिंत 424 च्या आधीची असू शकत नाही असं निघालं. मोझेकची नक्षी नेमकी त्या खोलीच्या मापाची, म्हणजे ती भिंतीनंतरची. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने 2020 च्या डिसेंबरात हे जाहीर केलं. ट्रस्टचे पुरातत्त्वज्ञ मार्टिन पॅपवर्थ यांचं हे काम. 424 ही सगळ्यात आधीची हद्द आहे, फरशी त्यानंतर केव्हाही घातलेली असू शकते.

आता 410. गेलं ते सैन्य आणि सरकार. व्हिल्याचे मालक बहुतेक तिथलेच धनिक लोक; रोमन राहणी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली. 1947 साली इंग्रज गेले म्हणून आपल्याकडच्या वाड्यांतली माणसं बोटीत बसली का?

खरी अडचण आम्हा खणणाऱ्यांची आहे. थराचं वय आम्ही नाण्यांवरून आणि खापरांवरून सांगतो. पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच ब्रिटनला नव्या नाण्यांचा पुरवठा आटला, मोठ्या प्रमाणावर चालणारा कुंभारधंदाही बसला. त्यामुळे पाचव्या शतकात राहणारा माणूस आमच्या नोंदवहीत दिसतच नाही. नाणं नाही म्हणून माणूस नाही, असा हिशेब बरीच वर्षं चालला. त्यात चेडवर्थ उघडं केलं 1864 मध्ये, जेम्स फॅरर यांनी. त्या काळच्या रीतीप्रमाणे भिंती आणि फरश्या दिसेपर्यंत माती भराभर उपसली. सगळ्यात शेवटी राहिलेल्यांच्या खुणा सगळ्यात वरच्या थरात असतात हो!

त्या उशिराच्या फरशीच्या कडेला वर्तुळांची ओळ आहे, त्यांत आळीपाळीने फुलं आणि गाठी. काम जरा कच्चं आहे, नक्षीत चुकाही आहेत. जेवणाच्या दालनात ऋतूंची जुनी फरशी आहे. तिच्यातला हिवाळा टोपीवाला झगा घालून, एका हातात ससा आणि दुसऱ्या हातात निष्पर्ण फांदी घेऊन उभा आहे. तो कसबी हात नंतर मिळेनासा झाला असावा. तरीही कोणाला तरी नवी खोली आणि नवी फरशी हवी होती, त्यासाठी पैसाही होता. मला विचाराल तर ऋतूंपेक्षा ही चुकलेली फरशी मोलाची.

प्रश्न : तिथल्या पडक्या भिंतींवर छोटी छोटी छपरं आहेत. तीही रोमन काळातली का? मधोमध एक घरही आहे.
– याच वाचक

उत्तर : नाही. पावसाने आणि थंडीने चुना खिळखिळा होऊ नये म्हणून व्हिक्टोरियाच्या काळात भिंतींवर ती टोपणं बसवली. मधलं घरही तेव्हाचंच, शिकारीच्या वेळी उतरायला बांधलेलं. फरश्यांवरून जो टांगता मार्ग गेलाय, तो 2012 चा.

प्रश्न : चेडवर्थच्या आवारात लिंबाएवढ्या गोगलगायी दिसतात. त्या रोमनांनी आणल्या असं माझा भाचा सांगतो. खरं का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : खाण्यासाठी आणल्या असं मानतात, आणि त्यांना इंग्रजीतही रोमन गोगलगाय असंच नाव आहे. पण भाच्याला सांगा, खिशात घालून घरी नेऊ नकोस. इंग्लंडमध्ये तिला कायद्याचं संरक्षण आहे.