तक्त्यातली गावांची नावे रेग्युलर एक्स्प्रेशनने काढावीत का?

प्रश्न असा: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या गावांचा वेबपानावरचा तक्ता, त्यातून नावं काढायला पायथॉनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनचा (मजकुरातला ठरावीक साचा शोधणाऱ्या खुणांचा) <टीडी>(.*)</टीडी> असा पॅटर्न, आणि तक्रारी तीन: कधी अख्खी ओळ हाती येते, कधी नावच गळतं, आणि आलेल्या नावांचे तुकडे पडतात. पहिल्या दोन एचटीएमएलमुळे, म्हणजे वेबपान ज्या टॅगांत लिहितात त्यांच्यामुळे; टीडी हा त्यातला तक्त्याच्या एका सेलचा टॅग. तिसरी मराठीमुळे, आणि मला तीच जास्त छळते.

आधी सोपं. .* हावरट असतं. ओळीतल्या पहिल्या टॅगपासून थेट शेवटच्या बंद टॅगपर्यंत सगळं गिळतं. .*? केलंत की मये, पिळगाव, नार्वे सुटे होतील. पण डॉट ओळ ओलांडत नाही, म्हणून दोन ओळींत पसरलेलं नाव गुपचूप गळतं. त्यावर डॉटऑल हा पर्याय आहे, त्याने डॉट ओळही ओलांडतो. मग कुणीतरी टीडी टॅगच्या आत क्लास ही जादा खूण जोडतो, की पॅटर्न आंधळा! कॉमेंटमध्ये टाकलेली जुनी ओळही त्याला खरीच वाटते. शिवाय टीडीचा बंद टॅग लिहिलाच पाहिजे असा एचटीएमएलचा नियमच नाही. ब्राउझर समजून घेतो, तुमचा पॅटर्न पुढे धावत सुटतो. सेलमध्ये दुसरा तक्ता असेल तर विषयच संपला.

म्हणून टॅग सोडवायचं काम पार्सरला, म्हणजे एचटीएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामला द्या. ब्युटिफुल सूप या पायथॉनच्या लायब्ररीकडे सगळे टीडी मागा, प्रत्येकाचा मजकूर घ्या. चार-पाच ओळींचा कोड. एकाच साच्यातली पानं एकदाच चाळायची असतील, तर रेग्युलर एक्स्प्रेशन मीही बिनधास्त वापरतो, विशेषतः पावसात वीज जायच्या आत काम उरकायचं असेल तेव्हा.

आता तुकडे. हाती आलेल्या मजकुरातून शब्द निवडायला शब्दाच्या अक्षराचं चिन्ह वापरलं की ते पडतात. पायथॉनच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये \ आणि डब्ल्यू मिळून होणारं चिन्ह अक्षरं आणि आकडे धरतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त मात्र धरत नाही. ‘म्हापसा’ दिलंत तर ‘म’, ‘ह’, ‘पस’ असे तीन तुकडे परत येतात. पार्सर बदलून हे जाणार नाही. त्या चिन्हाऐवजी [ऀ-ॿ]+ लिहा, म्हणजे देवनागरीचा पूर्ण पट्टा येतो. त्यात दंड आणि मराठी आकडेही येतात, ते नको असतील तर वेगळे गाळा. नाहीतर पिप या पायथॉनच्या इन्स्टॉलरने ‘रेजेक्स’ हे वेगळं मॉड्यूल घ्या. त्यात तेच चिन्ह मात्रांसकट शब्द उचलतं.

काहीही वापरलंत तरी आलेल्या नावांची संख्या पानावरच्या ओळींशी ताडून पाहा. गळलेलं नाव एरर देत नाही.