वस्तूंच्या देणग्या डेटाबेसमध्ये नोंदवताना

सगळ्यात आधी देणगीच्या प्रकारात ‘वस्तुरूप’ असा वेगळा पर्याय करून घ्या. नवखी माणसं वस्तूची किंमत थेट रकमेच्या रकान्यात टाकतात. मग मार्चअखेर डेटाबेसची बेरीज बँकेशी जुळत नाही आणि फरक शोधण्यात आठवडा जातो.

नोंद मोघम नको. ‘धान्य मिळाले’ असं न लिहिता ‘तांदूळ, २५ किलोच्या २ गोण्या’ असं लिहा. तारीख वस्तू हातात आल्याची, फोनवर कबूल केल्याची नव्हे. औषधं आणि खाद्यपदार्थ असतील तर मुदत संपण्याची तारीखही हवी.

खरी कटकट किमतीची. नव्या वस्तूला बिल जोडा. जुन्या लॅपटॉपला मात्र खरेदीची किंमत लावू नका. तशाच वापरलेल्या लॅपटॉपचा आजचा बाजारभाव घ्या आणि तो कुठून घेतला हे शेऱ्यात लिहा. दाता सांगेल तो आकडा बहुधा फुगलेलाच असतो. पावतीवर वस्तू आणि नग लिहा, किंमत नको. ८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत फक्त पैशांच्या देणगीला आहे, वस्तूंना नाही; हे दात्याला आधीच सांगा, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना फोन येतोच.

माल कंपनीचा असेल तर दाता कंपनी. आणून देणारा अधिकारी फक्त संपर्क व्यक्ती. परदेशातून आलेली वस्तू असेल तर नोंद करण्याआधी लेखापालांना विचारा, कारण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, वस्तूंनाही लागू होतो.