विमान उभं आहे, केबिन क्रू नाही: वाचकांच्या तिकिटांचे प्रश्न

केबिन क्रूच्या संपाच्या बातम्या आल्या की खान्देशातून एकच पत्र वेगवेगळ्या शब्दांत येतं: तिकीट काढू की थांबू? मुंबई गाठायलाच इथून एक रात्र जाते, त्यामुळे काळजी साहजिक आहे. निवडक प्रश्न खाली घेतले आहेत.

भुसावळ: दुबईला भावाकडे जायचंय. 2024 च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसच्या लोकांनी एकदम आजारपणाची रजा टाकली होती, म्हणून घरचे म्हणतात ती कंपनी नको. दुसरीचं तिकीट चार हजारांनी महाग आहे. काय करावं?

भाऊ, कारण एवढंच असेल तर चार हजार खिशात ठेवा. त्या वेळी काय झालं होतं ते आधी पाहू. एआयएक्स कनेक्ट ही कंपनी एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विलीन होत होती आणि नव्या अटींवरून केबिन क्रूमध्ये नाराजी होती. 7 मेच्या रात्रीपासून बऱ्याच जणांनी एकाच वेळी आजारी असल्याचं कळवलं. 8 मे रोजी 80 हून अधिक उड्डाणं रद्द झाली. कंपनीने 25 जणांना कामावरून काढलं, 9 मे रोजी मुख्य कामगार आयुक्तांसमोर तडजोड झाली आणि काढलेल्यांना परत घेण्याचं ठरलं. भांडण मोठं होतं, पण दोन दिवसांत मिटलं. त्यावरून आजचं तिकीट ठरवणं म्हणजे गेल्या वर्षीच्या पावसावर यंदाची पेरणी करण्यासारखं आहे.

बघायचंच असेल तर वेतनकरार कधी संपतो ते बघा. एअर कॅनडाच्या केबिन क्रूचा दहा वर्षांचा करार 31 मार्च 2025 ला संपला. बोलणी फिसकटली आणि 16 ऑगस्टला सुमारे दहा हजार जण संपावर गेले. विमान जमिनीवर असताना, म्हणजे प्रवासी चढत-उतरत असताना केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार होती. करार मार्चमध्ये संपला आणि संप ऑगस्टमध्ये झाला. एवढे महिने आधी धोका दिसत होता, तरी उन्हाळ्याची तिकिटं विकली जात होती आणि लोक घेतही होते. जर्मनी आणि कॅनडात करार चालू असताना त्या करारातल्या मागण्यांसाठी संप करता येत नाही. त्यामुळे तिकडे नुकतंच भांडून करार केलेली कंपनीच पुढची काही वर्षं जास्त भरवशाची. लोक मात्र नेमकी तीच टाळतात.

तुमच्या दुबईसाठी कंपनीच्या नावापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची आहे: त्या मार्गावर त्या कंपनीची दिवसाला किती विमानं आहेत. मुंबई–दुबईवर एक उड्डाण रद्द झालं तर दुसरीकडे बसवायला जागा सापडते. सुरतेहून आखातात जाणारी उड्डाणं मोजकीच आहेत. नंदुरबार-नवापूरकरांना सुरत जवळ पडते, पण तिथलं विमान रद्द झालं की पुढचं आधीच भरलेलं असतं. नोकरीवर रुजू व्हायची तारीख किंवा व्हिसाची मुदत जवळ असेल तर मुंबईच धरा आणि तारखेच्या तीन-चार दिवस आधीचं विमान घ्या. संप मिटला तरी गाडी लगेच रुळावर येत नाही. एअर कॅनडाचा संप 19 ऑगस्टला मिटला, तेव्हा सगळं पूर्ववत व्हायला 7 ते 10 दिवस लागतील असं कंपनीनेच जाहीर केलं होतं. विमानं एका गावी आणि क्रू दुसऱ्या गावी अडकलेले असतात.

धुळे: शे-दोनशे माणसं आली नाहीत म्हणून इतकी विमानं कशी रद्द होतात? प्रवासी कमी असतील तर कमी क्रूवर नेता येत नाही का?

नाही. केबिन क्रू चहा द्यायला नसतो, आग लागली तर दीड मिनिटात विमान रिकामं करायला असतो. नियम साधारण 50 आसनांमागे एक, आणि मोजायची ती विमानात बसवलेली आसनं, आलेले प्रवासी नव्हेत. 180 आसनांच्या एअरबस ए320 ला चार जण लागतात. त्यातला एक नसेल आणि राखीव माणूस मिळाला नाही तर विमान हलत नाही, आत चाळीसच प्रवासी असले तरी. दुसऱ्या कंपनीचा क्रू उसना घेता येत नाही. दारं कशी उघडायची, कुठली सामग्री कुठे आहे, याचं प्रशिक्षण त्या-त्या कंपनीचं आणि त्या-त्या विमानाचं असतं. वर तोच क्रू दिवसात दोन-तीन फेऱ्या करतो. सकाळची फेरी गेली की संध्याकाळचीही जाते. म्हणून संपाच्या हवेत सकाळचं पहिलं विमान घ्यावं. ते रद्द झालंच तर दुसरी सोय पाहायला अख्खा दिवस हातात उरतो.

जळगावला येणारं एटीआर हे छोटं विमान साधारण 70 आसनांचं असतं. त्याला दोन जण. एक गैरहजर असला तरी काम संपलं.

चोपडा: आम्ही नऊ जण कोचीला जाणार होतो. तिकिटं गावातल्या एजंटकडून काढली. क्रू नसल्यामुळे विमान रद्द झालं, पण आम्हाला मेसेजच आला नाही. मुंबईला विमानतळावर गेल्यावर कळलं. भरपाई मागता येते का? एजंट म्हणतो, पैसे कंपनीकडून आले की देतो. आते काय करानं?

आधी भरपाईचं. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमात उड्डाण रद्द झाल्याबद्दल भरपाईचे आकडे आहेत: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000 रुपये, एक ते दोन तासांना 7,500 आणि त्याहून लांबच्याला 10,000, किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ते. मात्र त्याच नियमात संप आणि कामगार तंटा हे कंपनीच्या हाताबाहेरचं कारण म्हणून लिहिलेलं आहे. म्हणजे संपात ही भरपाई मिळत नाही. आमच्या मते हा नियम प्रवाशावर अन्याय करणारा आहे, कारण स्वतःच्या नोकरांशी भांडण हे काही वादळ नाही. पण आज नियम तसा आहे.

भरपाई गेली तरी परतावा जात नाही. कारण काहीही असो, विमान कंपनीने रद्द केलं की पूर्ण पैसे परत किंवा पर्यायी विमान, आणि यातलं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवायचं. काउंटरवरचा माणूस ‘क्रेडिट शेल घ्या, वर्षभरात कधीही वापरा’ म्हणेल, म्हणजे पैसे कंपनीकडेच ठेवून पुढच्या तिकिटाला वापरायचे. रोख परतावा हवा असेल तर तिथे होकार देऊ नका. एकदा होकार दिला की मागे फिरवणं जड जातं. तिकीट एजंटमार्फत काढलेलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवरच आहे, कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. तेव्हा एजंटशी भांडत बसू नका. पीएनआर घेऊन कंपनीला लेखी कळवा. उत्तर आलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा, त्यानंतर ग्राहक हेल्पलाइन 1915. एजंटची स्वतःची फी आणि पोर्टलची कन्व्हिनियन्स फी बहुतेक वेळा सुटत नाही, तेवढी सोडून द्या.

मेसेज का आला नाही? कारण बुकिंगमध्ये नंबर एजंटचा होता. आपल्याकडे दहातल्या आठ एजंटांची ही सवय असावी, आणि ती महागात पडते. संपर्काची नीट माहिती दिली नसेल तर संपाशिवायच्या प्रकरणातही भरपाई नाकारता येते. तिकीट हातात आल्या आल्या कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर आणि आडनाव टाकून बुकिंग उघडा आणि ‘कॉन्टॅक्ट’मध्ये स्वतःचा मोबाइल आणि ईमेल घाला. दोन मिनिटांचं काम आहे. एजंट नको म्हणाला तर दुसरा एजंट शोधा.

नऊ जणांचा एकच पीएनआर असणं हीही अडचणच. पुढच्या विमानात सहा जागा रिकाम्या असल्या तरी यंत्रणा नऊ जणांना एकत्र शोधते आणि ‘जागा नाही’ दाखवते. काउंटरवर ‘पीएनआर स्प्लिट करा’ असं सांगा. म्हातारी माणसं आणि लेकरं यांच्यासोबत एक जाणता माणूस पहिल्या गटात घाला. पुढच्या वेळी बुकिंग करतानाच चार आणि पाच असे दोन पीएनआर करा.

परतीचं तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर ते तपासल्याशिवाय घरी जाऊ नका. जायचा टप्पा रद्द झाला म्हणून तुम्ही रेल्वेने कोचीला गेलात आणि यंत्रणेत तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे तिकीट असून न आलेले, पडलात, तर परतीची जागाही आपोआप रद्द होते. ‘जायचा टप्पा कंपनीने रद्द केला, परतीचा कायम ठेवा’ हे लेखी घ्या.

पाचोरा: बातमी वाचून घाबरून तिकीट स्वतःच रद्द केलं. तीन हजार कापले. दुसऱ्या दिवशी कंपनीनेच विमान रद्द केलं. ते तीन हजार मिळतील?

बहुधा नाही. आधी तुम्ही रद्द केलंत, त्यामुळे ते ‘प्रवाशाने रद्द केलेलं’ ठरलं. संपाच्या हवेत हात आवरावा, कंपनीला आधी रद्द करू द्यावं. अनेकदा संपाच्या तारखा जाहीर झाल्या की कंपनी स्वतःहून फुकट तारीख बदलायची मुभा देते. ती आली का ते दिवसातून दोनदा पाहा. एक मात्र तपासा: तिकीट विनापरतावा असलं तरी विमानतळाचं वापर शुल्क आणि सरकारी कर परत मिळतात. ते तुमच्या खात्यात आले नसतील तर मागा.

अमळनेर: मुलगी शिकायला जर्मनीला जाते आहे. लुफ्तान्साचं मुंबई–फ्रँकफर्ट आणि तिथून दुसऱ्या स्वस्त कंपनीचं बर्लिनचं वेगळं तिकीट काढतोय. तिथे संप फार होतात म्हणे.

होतात, आणि कमी दिवसांच्या सूचनेवर होतात. नोव्हेंबर 2019 मध्ये लुफ्तान्साच्या केबिन क्रूच्या दोन दिवसांच्या संपात सुमारे 1,300 उड्डाणं रद्द झाली. मार्च 2024 मध्येही फ्रँकफर्ट आणि म्युनिकला संप झाला. तरीही युरोपच्या बाबतीत प्रवाशाची बाजू आपल्यापेक्षा भक्कम आहे. तिथल्या 261/2004 या नियमानुसार 3,500 किलोमीटरहून लांबच्या उड्डाणाला 600 युरो भरपाई आहे, अंतर कमी तर 400 किंवा 250. युरोपीय न्यायालयाने 2018 आणि 2021 च्या निकालांत स्पष्ट केलं की कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांचा संप हे ‘असाधारण कारण’ होत नाही. 2018 चा खटला तर अचानक सगळ्यांनी आजारपणाची रजा टाकल्याचाच होता. विमानतळाचे किंवा हवाई वाहतूक नियंत्रणाचे कर्मचारी संपावर गेले तर मात्र 600 युरो विसरा. 14 दिवस आधी रद्द झाल्याचं कळवलं असेल तरीही ते मिळत नाहीत.

एक बारकावा, आणि तिकीट निवडताना हाच पाहायचा. युरोपहून निघणाऱ्या प्रत्येक विमानाला हा नियम लागतो, मग कंपनी कुठलीही असो. पण भारतातून जाताना तो फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला लागतो. मुंबई–फ्रँकफर्ट लुफ्तान्साने गेलात तर लागतो, एअर इंडियाने गेलात तर नाही. कोडशेअरमध्ये तिकिटावर नाव एकाचं आणि विमान दुसऱ्याचं असतं, तेव्हा ‘ऑपरेटेड बाय’ ही बारीक ओळ वाचा. हक्क त्या नावावर ठरतो.

आता तुमची दोन वेगळी तिकिटं. हे करू नका. फ्रँकफर्टला विमान एक दिवस उशिरा पोचलं तर दुसरी कंपनी तुमच्या मुलीला ओळखतही नाही. बर्लिनचं तिकीट बुडालं. मुंबई ते बर्लिन एकाच पीएनआरवर घेतलं तर शेवटपर्यंत पोचवणं ही पहिल्या कंपनीची जबाबदारी राहते आणि सामानही थेट बर्लिनला निघतं. फरक पाच-सात हजारांचा असला तरी द्या. विद्यापीठाच्या नोंदणीच्या आधी किमान चार दिवस पोचेल अशी तारीख घ्या. व्हिसा कोणत्या तारखेपासून लागू होतो तेही पाहा, नाहीतर घाईत त्याच्याही आधीचं विमान घेतलं जातं.

जळगाव: जळगाव–मुंबई विमान आणि त्याच रात्री मुंबई–लंडन, वेगवेगळ्या तिकिटांवर. चालेल?

वरचाच धोका आहे, आणि इथे तो जास्त आहे, कारण जळगावहून दिवसात दुसरं विमान मिळेलच असं नाही. आदल्या रात्रीच्या रेल्वेने निघा. विदर्भ एक्स्प्रेससारखी रात्रीची गाडी सकाळी मुंबईत सोडते. विमान सहारचं असेल तर ठाणे किंवा दादरला उतरा. नवी मुंबईचं विमानतळही 25 डिसेंबर 2025 पासून सुरू झालं आहे, त्यामुळे पर्यायी विमान देताना कंपनीने कुठलं विमानतळ दिलं ते वाचा. बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. संपाच्या गडबडीत हे तीन अक्षरांचं चुकलं की टॅक्सीत दोन तास जातात. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलतं. विमानाचं तिकीट काढलं त्याच आठवड्यात गाडीचंही काढून ठेवा, नको झालं तर लवकर रद्द करा. तत्काळवर विसंबू नका. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत नाहीत.

नंदुरबार: संपाची नोटीस लागल्यावर प्रवास विमा काढला तर चालतो का?

नाही. जाहीर झालेला संप ही विमा कंपनीच्या लेखी ‘माहीत असलेली घटना’ असते. तिकीट काढाल त्याच दिवशी विमा काढा आणि पॉलिसीत ‘संप’ हा शब्द समाविष्ट बाबींत आहे की वगळलेल्या बाबींत, ते वाचा.

शिरपूर: आपल्या देशात संपाची आधी सूचना द्यावी लागते ना? मग ती पाहून बुकिंग करता येईल?

काही प्रमाणात येईल. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार संपाआधी 14 दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तरी तो संपच धरला जातो. तेव्हा नोटिशीची बातमी आली की पुढच्या दोन आठवड्यांनंतरच्या तारखा कच्च्या समजा. त्या तारखांसाठी थोडं जास्त भाडं देऊन तारीख बदलता येणारं तिकीट घ्या. पर्यायी कंपनीचं तिकीट घ्यायचं असेल तर नोटीस लागल्याच्या पहिल्या दोन दिवसांत घ्या. एका विमानात भाड्याचे अनेक टप्पे असतात. स्वस्त टप्पे आधी संपतात, आणि रद्द झालेल्या विमानांची माणसं तिकडे वळली की उरतात ते फक्त वरचे. पण 2024 सारखी अचानक आजारपणाची लाट आली तर नोटीस-बिटीस काही नसते. तेव्हा उपयोगी पडतो तो बुकिंगमध्ये घातलेला तुमचा स्वतःचा नंबर.