गोविंदराव टेंबे नुसते पेटीवादक होते की खरंच संगीतकार?

तुम्ही विचारलंय की टेंब्यांचं नाव निघालं की लोक "पेटीवाले" (म्हणजे हार्मोनियम वाजवणारे) एवढंच सांगतात, मग त्यांना मोठे संगीतकार का म्हणायचं, आणि कोल्हापूरचा त्यांच्याशी काय संबंध. मी कोल्हापूरचाच, हौसेने पेटी वाजवतो, नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथीला बसतो, त्यामुळे प्रश्न बघितल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सरळ उत्तर असं की ते संगीतकार होते, आणि माझ्या मते पेटीची साथ करत होते म्हणूनच एवढे चांगले संगीतकार झाले.

जन्म १८८१ चा, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचा. त्या काळातलं कोल्हापूर डोळ्यासमोर आणा, गादीवर शाहू महाराज, दरबारात जयपूर घराण्याचे गवई अल्लादिया खाँसाहेब, आणि गावात देवल क्लब ही संगीतसंस्था, जिथे गाणंबजावणं कायम चालू. रागसंगीताची गोडी आपल्याला देवल क्लबात लागली असं टेंबे स्वतः मानायचे. पेटी ते जवळजवळ आपली आपणच शिकले. पुढे गवई भास्करबुवा बखल्यांकडे तालीम मिळाली, आणि बुवा खाँसाहेबांकडे शिकलेले, म्हणजे खाँसाहेबांची थेट तालीम नसली तरी जयपूरची गायकी बुवांच्या हातून टेंब्यांपर्यंत आलीच.

आता साथीचं सांगतो, कारण ज्याने साथ केली नाही त्याला हे पटकन लक्षात येत नाही. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, दोन पट्ट्यांच्या मधला सूर तिथे नाहीच. गवई सूर ओढत नेतो आणि तुम्हाला एका हाताने भाता सांभाळत दुसऱ्या हाताने त्याच्या मागे अर्ध्या श्वासावर राहायचं असतं, तो कुठे वळणार, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कसा येणार हे आधीच ओळखावं लागतं, ओळखलं नाही तर पेटी गाण्याच्या पायात येते. असं भास्करबुवांसारख्यांच्या मागे बसून केलं की जागा, मुखडे, लयीचे झोल हे सगळं कानातून बोटांत उतरतं. टेंब्यांकडे चालींचा साठा झाला तो असा, असं मला वाटतं.

हा साठा बाहेर पडला १९११ साली, किर्लोस्कर मंडळीच्या मानापमान नाटकात. त्याआधी अण्णासाहेब किर्लोस्कर असोत की गोविंद बल्लाळ देवल, नाटककारच पदांच्या चाली ठरवायचे, कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, शिवाय लावण्या यातूनच बरंच काही यायचं. मानापमान खाडिलकरांचं, पण चाली द्यायचं काम वेगळ्या माणसाकडे, टेंब्यांकडे. जुनी नाटकाची पुस्तकं मिळाली तर बघा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल" म्हणून मूळ चीज, म्हणजे जिच्यावर चाल बेतली ती बंदिश, दिलेली असते. म्हणजे चाल आधी आणि शब्द तिच्या मापाने बेतलेले. खाडिलकरांची काही पदं वाचताना जड वाटतात आणि गाताना अजिबात वाटत नाहीत, त्याचं बरंचसं कारण हेच आहे.

टेंब्यांनी काय केलं, तर पूरब बाजूची, म्हणजे बनारसकडची, ठुमरी, कजरी असला लडिवाळ माल मराठी रंगमंचावर आणला आणि नायिका भामिनीच्या, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्यात घातला. शेजारी भक्कम रागदारीही ठेवली. "युवती मना" हे पद घ्या, सरळ हिंडोल राग, रिषभ पंचम पूर्ण वर्ज्य आणि तीव्र मध्यम, त्यामुळे त्यात एक ताठा आहे. आणि "चंद्रिका ही जणू" घ्या, ती आरभीत, म्हणजे कर्नाटकी राग! चढताना सा रे म प ध सा, दुर्गासारखं वाटतं, आणि उतरताना निषाद गंधार येतात आणि सगळा रंग पालटतो. एकाच नाटकात इतका फरक आणि तरी काही उपरं वाटत नाही, हे नुसतं चाली गोळा करून जमत नाही हो, कोणत्या पात्राला काय शोभेल याचा अंदाज लागतो.

मानापमानची अजून एक कोल्हापुरी आठवण म्हणजे १९२१ चा संयुक्त मानापमान, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत झाला तो, बालगंधर्व भामिनी आणि आमचे गायकनट केशवराव भोसले नायक धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांत केशवराव गेले.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९१३ ला बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली, विद्याहरण नाटकाच्या चाली टेंब्यांच्याच. नंतर ते बाहेर पडले, शिवराज मंडळी ही स्वतःची कंपनी काढली.

आणि मग बोलपट. प्रभात ही चित्रपट कंपनी तेव्हा कोल्हापुरातच होती, पुण्याला १९३३ मध्ये गेली. १९३२ चा अयोध्येचा राजा, त्याचं संगीत टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच, तारामती दुर्गा खोटे. तेव्हा प्लेबॅक नव्हतं, कॅमेऱ्यासमोर नटानेच गायचं आणि वादकांनी कॅमेऱ्यात न दिसता तिथेच वाजवायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाने हे नवीन तंत्र अंगावर घेतलं याचं मला फार कौतुक वाटतं. ते १९५५ मध्ये गेले.

ऐकायचं असेल तर एक लक्षात ठेवा, मानापमानची काही पदं आज ज्या चालीत कानावर येतात ती मास्टर दीनानाथांनी स्वतःच्या वळणाने बदललेली आहेत, ती सुंदरच आहेत पण टेंब्यांची म्हणून ऐकू नका. सुरुवात "चंद्रिका" आणि "युवती मना" पाठोपाठ लावून करा. वाचायचं असेल तर त्यांचं "माझा संगीत व्यासंग" शोधा, त्यातली भाषा पण ऐटदार आहे, आणि गाणं कसं ऐकावं हे तिथून मला जेवढं कळलं तेवढं दुसऱ्या कुठल्या पुस्तकातून कळलं नाही.