वाचकांचे प्रश्न : ग्रँड कॅन्यन एका दिवसात, धावत

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातली ही दरी एका कड्यावरून (साउथ रिम, म्हणजे दक्षिण कडा) दुसऱ्या कड्यापर्यंत (नॉर्थ रिम, उत्तर कडा) एका दिवसात पार करायचा बेत आखणाऱ्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मेअखेरीस साउथ रिमवरून नॉर्थ रिमला जायचं आहे. दिशा हीच बरी की उलटी? निघायचं किती वाजता?

नुसता चढ मोजला तर उलटी दिशा सोपी. उत्तर कड्यावरच्या नॉर्थ कायबॅब वाटेचं तोंड 2512 मीटरवर आहे, दक्षिण कड्यावरच्या ब्राइट एंजल वाटेचं 2091 मीटरवर आणि दरीच्या तळाचा मुक्काम, फँटम रँच, सुमारे 755 मीटरवर. उत्तरेकडून निघालात तर शेवटचा चढ साधारण 1340 मीटरचा. दक्षिणेकडून निघालात तर 1750 मीटरचा, तोही जवळपास 22 किलोमीटर लांबलेला.

तरीही मेअखेरीस दक्षिणेकडूनच निघा. कारण ‘बॉक्स’. फँटम रँच सोडलं की ब्राइट एंजल ओढ्याकाठची वाट सहा-सात किलोमीटर काळ्या खडकाच्या अरुंद घळीतून जाते. उन्हं चढली की खडक तापतो, वारा अडतो आणि सावलीतही धग लागते. ही घळ सकाळी आठच्या आत मागे पडायला हवी. दक्षिण कड्यावरून फँटम रँचला उतरणाऱ्या साउथ कायबॅब वाटेचा उतार 11 किलोमीटरचा आहे, जपून उतरणाऱ्याला दोन-सव्वादोन तास लागतात. म्हणजे चारला सुरुवात, साडेसहापर्यंत पाणी भरून फँटम रँच सोडायचं. साउथ कायबॅबच्या तोंडाशी खासगी गाडी नेता येत नाही, त्यामुळे हायकर्स एक्स्प्रेस बस त्या महिन्यात किती वाजता सुटते हे आधी पाहा.

परतीची सोयही आधीच करा. दोन्ही कडे हवाई अंतराने जेमतेम 16 किलोमीटरवर, पण रस्ता सुमारे 345 किलोमीटरचा, गाडीने साडेचार तासांचा. हा रस्ता नवाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या प्रदेशातून जातो. उन्हाळ्यात तिथली घड्याळं बाकी अ‍ॅरिझोनाच्या एक तास पुढे असतात. फोनची वेळ आपोआप बदलते आणि मग गाडी चुकते.

आणि हो, 2025 च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात नॉर्थ रिमवरचं लॉज जळालं, नॉर्थ कायबॅब वाटही बंद करावी लागली होती. विमानाची तिकिटं काढण्याआधी वाट पुरती उघडी आहे ना, याची नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर खात्री करा.

प्रश्न : पाणी किती न्यायचं? तीन लिटरची पिशवी भरून घेतली आणि सतत पीत राहिलं तर पुरे ना?

पिशवी ठीक, ‘सतत पीत राहणं’ नको. साउथ कायबॅबवर पाण्याचा थेंब नाही. पहाटेच्या उतारासाठी दीड लिटर पुरतं, त्याहून जास्त ओझं गुडघ्यांवर येतं. फँटम रँचला मात्र पिशवी पूर्ण भरा, तीन लिटर. पुढे कॉटनवुड, मॅन्झनीटा आणि सुपाई बोगद्याजवळ नळ आहेत, पण ते हंगामी. दरीतली पाण्याची पाइपलाइन 1960 च्या दशकातली आहे आणि वारंवार फुटते. आदल्या संध्याकाळी कोणते नळ चालू आहेत ते पाहा, तरीही पिळून वापरायचा छोटा फिल्टर जवळ ठेवाच. नळ कोरडा निघाला तर बॉक्समध्ये आणि कॉटनवुडपर्यंत ओढा हाताशी असतो. मॅन्झनीटा सोडलं की तो भरवसा संपतो, म्हणून तिथून निघताना पिशवी पुन्हा भरलेली हवी.

आता मिठाचं. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही, आधीच वाळतो. टोपीवर आणि पट्ट्यांवर पांढरे डाग दिसले की समजा, मीठ चाललंय. त्यात नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. ही लक्षणं उन्हाच्या त्रासासारखीच वाटतात, म्हणून सोबती आणखी पाणी पाजतो आणि प्रकरण बिघडतं. लघवी पांढरीस्वच्छ आणि वारंवार होत असेल, पोट डचमळत असेल तर पाणी थांबवा, खारट खा, सावलीत बसा. बोलणं असंबद्ध झालं तर वाट न बघता रेंजरची मदत मागा.

हिशोब साधारण असा : तहानेप्रमाणे तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, 300 ते 600 मिलिग्रॅम सोडियम आणि 40 ते 60 ग्रॅम कर्बोदकं. लहान चमचाभर मिठात सुमारे 2300 मिलिग्रॅम सोडियम असतं, त्यावरून अंदाज येईल. इलेक्ट्रोलाइटच्या गोळ्या घेताना वेष्टनावरचा सोडियमचा आकडा वाचा. काहींत तो नावापुरताच असतो.

प्यायल्याइतकंच अंग भिजवणंही मोलाचं. एरवी धावपटू सुती कपड्याला नाकं मुरडतात, इथे मात्र ओढ्यात बुडवलेला सुती शर्ट उत्तम. तो उशिरा वाळतो आणि तेवढा वेळ गारवा देतो. कोलोरॅडो नदीत मात्र उतरू नका. वर धरणातून सुटलेलं ते पाणी बर्फगार आणि ओढीचं असतं.

प्रश्न : उतारावर मांड्या भरून येतात. सरावात काय करावं?

उतार धावा, दुसरा उपाय नाही. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याचे तंतू दुखावतात आणि ते कळतं चढ सुरू झाल्यावर. शेवटचे आठ आठवडे आठवड्यातून एकदा 600 ते 900 मीटरचा उतार, शेवटचे दोन आठवडे सोडून. त्या दिवशी लांब ढांगा नकोत. साउथ कायबॅबवर आडवे ओंडके टाकून पायऱ्या केल्या आहेत आणि त्यांची उंची सारखी नाही. पायाची नखं आदल्या दिवशी कापा.

प्रश्न : जमणार नाही असं वाटलं तर परत कुठून फिरायचं?

फँटम रँचला. तिथे रेंजर आहेत, पाणी आहे, सावली आहे. पण परतीला साउथ कायबॅब नको, ब्राइट एंजल धरा. पंधरा किलोमीटर चालावं लागतं, पण वाटेत हवासुपाई गार्डन्सला पाणी आणि झाडं मिळतात. तिथून वर मात्र 7 किलोमीटरांत 900 मीटरहून अधिक चढ उरतो. सकाळी दहा ते दुपारी चार चढू नये, हा पार्कचा सल्ला पाळा. फँटम रँचला दिवस काढून संध्याकाळी हेडलॅम्पवर चढणं केव्हाही बरं. म्हणून बॅटरी दोन वेळा पुरेल अशी न्या. फोनला रेंज नसते, तेव्हा वर थांबलेल्याला तुमची शेवटची वेळ लिहून द्या. फँटम रँचला पाठपिशवी बाकावर टाकून जाऊ नका. खारी चेन न उघडता कापड कुरतडून आत शिरतात, आणि चावतातही.

प्रश्न : आम्ही चौदा जण आहोत. परवाना लागतो का?

एकट्यादुकट्याला एका दिवसासाठी लागत नाही. बारा किंवा अधिक जणांच्या आखीव गटाला विशेष वापर परवाना घ्यावा लागतो, कमाल संख्या तीस. ‘सात-सातच्या दोन तुकड्या करू’ हा शहाणपणा रेंजरांना ठाऊक आहे. गट मोठा असेल तर खेचरांचे तांडे येताना सगळ्यांनी डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, हलायचं नाही, आणि शेवटचं खेचर पंधरा-वीस मीटर पुढे गेल्याशिवाय धावायला लागायचं नाही.