संजीवक चालेल, ‘ग्राहक’ नको

काटोलच्या एका संत्रा बागायतदारांनी विचारलंय : फळगळीच्या फवारणीच्या पत्रकात ‘संजीवक’ छापतात, मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘संप्रेरक’ आहे. दोन्ही एकच का? आणि बरोबर कोणतं?

एकच, भाऊ. दोन्ही म्हणजे हार्मोन. पण आधी माझा राग काढू द्या. परवा ऑक्सिनवर, म्हणजे झाडाच्या वाढीच्या संप्रेरकावर, एक व्याख्यान होतं, त्यात वक्ते तासभर ‘पेशीतले ऑक्सिनचे ग्राहक’ म्हणत होते. ग्राहक कळमन्याच्या बाजारात असतो राजेहो, पैसे मोजतो, माल उचलतो, निघून जातो. पेशीत असतो तो ‘ग्राही’, इंग्रजीतला रिसेप्टर. तो नुसता धरतो. २००५ साली ऑक्सिनचा ग्राही ओळखला गेला, तो टीआयआर-१, राहतो पेशीकेंद्रकात. ऑक्सिन त्याच्या खोबणीत बसतं आणि डिंकासारखं काम करतं : वाढीच्या जनुकांना अडवून बसलेलं रोधक प्रथिन ग्राहीला चिकटतं. मग पेशी त्या रोधकाचे तुकडे करते आणि जनुकं मोकळी होतात. यात खरेदी कुठे आहे?

आता ‘संप्रेरक’. ‘सम्’ आणि ‘प्र’ ही दोन सालं काढली की आत ‘ईर्’ धातू सापडतो. धातुपाठात त्याचा अर्थ ‘गतौ कम्पने च’, म्हणजे चालणं, हलणं. ‘समीर’ याच धातूचा. मे महिन्यात नागपुरात ज्याचा पत्ता नसतो तो. १९०५ मध्ये ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनी ‘हार्मोन’ शब्द रूढ केला, तोही ग्रीकमधल्या ‘गती देणे’ या क्रियापदावरून. ज्याने ‘संप्रेरक’ घडवला त्याला दोन्ही भाषा कळत होत्या.

आणि ऑक्सिन स्वतःही चालतं! पेशीभित्तीतल्या आंबट पाण्यात ते प्रभाररहित असतं, म्हणून पेशीच्या पटलातून आत शिरतं. आत आंबटपणा कमी, तिथे त्याच्यावर प्रभार येतो आणि ते अडकतं. बाहेर पडायला ‘पिन’ नावाची प्रथिनं लागतात, आणि खोडात ती पेशीच्या खालच्या अंगाला बसलेली असतात. म्हणून शेंड्याचं ऑक्सिन खालीच उतरतं, तासाला साधारण १ सेंटिमीटर. (हे प्रथिन बिघडलं की रोपाला फुलंच येत नाहीत, खोड टाचणीसारखं बोडकं राहतं, म्हणून ‘पिन’.)

‘ऑक्सिन’ हा शब्द तर माझा जीव की प्राण. ग्रीकमधल्या ‘वाढणे’ या क्रियापदावरून तो केला. त्याचंच लॅटिन भावंड ‘ऑक्शन’ : बोली वाढत जाते तो लिलाव. आणि संस्कृतात? ‘ओजस्’! म्हणजे संत्र्याच्या देठातलं ऑक्सिन, कळमन्यातलं ऑक्शन आणि आपलं ओज ही एकाच घरची मंडळी. आमचे एक निवृत्त संस्कृत प्राध्यापक याला ‘ध्वनिसाम्याचा खेळ’ म्हणतात. त्यांनी वेदातला वाढण्याच्या अर्थाचा ‘उक्ष्’ काढून बघावा (शिंपडण्याचा ‘उक्ष्’ वेगळा, तो मला दाखवू नये) आणि त्यातला ‘क्ष’ ऑक्सिनमधल्या ‘क्स’शेजारी ठेवावा. मी तर म्हणतो, ऑक्सिनला मराठीत ‘ओजक’च म्हणावं. गेली कित्येक वर्षं म्हणतोय, कोणी ऐकत नाही.

हेच प्राध्यापक म्हणतात, माणसाचं ते संप्रेरक आणि झाडाचं ते संजीवक, असा भेद ठेवावा. का म्हणून? ‘संजीवक’ म्हणजे जिवंत करणारं. इथिलीन हेही झाडाचंच संप्रेरक, ते पान गाळतं, त्याला संजीवक म्हणायचं? फळगळ थांबवायला चिमूटभर वापरतात ते २,४-डी कृत्रिम ऑक्सिनच. तेच जास्त मात्रेत तणनाशक. बांधावरच्या गाजरगवताला विचारा, किती संजीवन मिळालं ते.

राहिला काटोलचा प्रश्न. मुलीने पेपरात ‘संप्रेरक’ लिहावं. तुम्ही कृषी केंद्रात मात्र ‘संजीवक’च मागा, ‘संप्रेरक द्या’ म्हटलं तर पोरगा मेडिकलचा रस्ता दाखवेल.