डेटा मायनिंगला 'उत्खनन' म्हणायचं का?

डेटा मायनिंग म्हणजे ढीगभर माहितीतून कामाच्या खुणा काढणं, त्यालाच कुणी 'विदा-उत्खनन' म्हणतात (विदा म्हणजे डेटा). प्रश्न असा आहे की विज्ञान प्रदर्शनाच्या पोस्टरवर 'ईसीजीच्या विदा-उत्खननातून हृदयविकाराच्या झटक्याचे निदान' असं लिहिलं तर चालंल का. मी तर म्हणतो नको.

उत्खनन म्हटलं की कोल्हापूरकराला एकतर ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ ला झालेलं आठवणार (तिथला पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाचा छोटा पुतळा टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, बघितला नसंल तर बघून या) नाहीतर तहसीलदार दंड लावतात ते मुरमाचं. दोन्हीकडं हवी ती वस्तू जमिनीखाली असते. इथं डेटा तर समोरच पडलेला असतो, काढायच्या असतात त्यातल्या खुणा. आणि 'विदा' शब्द जाणकारांत चालतो खरा, पण पोस्टरपुढं थांबलेल्या माणसाला विदाऊट तिकीटच आठवणार.

प्रत्यक्षात होतं काय बघा, ईसीजीत, म्हणजे हृदयातल्या विजेच्या आलेखात, ठोक्याठोक्याला पी, क्यू, आर, एस, टी अशा लाटा उमटतात, ही नावं आइंटहोवेन या डच शास्त्रज्ञाची, त्यांना याच कामाबद्दल १९२४ चं नोबेल मिळालं. ईसीजीच्या नेहमीच्या कागदी पट्टीवर आडवा १ मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद. अटॅकमध्ये बऱ्याचदा एस आणि टी यांच्यामधला भाग वर उचललेला दिसतो, कुणाचा खाली दबतो, टी उलटी होते, क्यू खोल जाते, आणि हे सगळं १२ लीडपैकी (म्हणजे हृदयाकडं बघायच्या १२ बाजूंपैकी) कुठल्या लीडमध्ये दिसतंय त्यालाही अर्थ असतो. आता जर्मनीच्या पीटीबी या राष्ट्रीय मापनशास्त्र संस्थेचा संग्रह घ्या, २९० जणांचे ५४९ ईसीजी, त्यातले १४८ जण अटॅकचे पेशंट, बहुतेकांचं निदान आधीच लिहून ठेवलेलं. असे ईसीजी प्रोग्रामपुढं टाकायचे, लाटांची उंची, रुंदी, चढउतार मोजायला लावायचे, आणि कुठल्या खुणा एकत्र आल्या की अटॅक असतो हे त्यानंच हुडकायचं. हुडकायचं! आपला हा शब्द असताना उत्खनन कशाला पाहिजे? पोस्टरला गावठी वाटत असंल तर 'शोधणे' घ्या.

'निदान' मात्र जपून वापरा. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी अटॅक असू शकतो, म्हणून तर डॉक्टर पुन्हा ईसीजी काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) बघतात. प्रोग्राम फक्त पट्टी बघून शक्यता सांगतो, म्हणजे 'निदान शंका तरी घेतो' यातला निदान त्याला जास्त शोभतो.

तेव्हा असं लिहा: 'हार्ट अटॅकच्या निदानाला मदत: ईसीजींच्या साठ्यातून खुणांचा शोध'. खाली बारीक अक्षरात डेटा मायनिंग. ईसीजीला 'हृदयालेख' चांगला शब्द आहे, पण दवाखान्यात कुणी 'हृदयालेख काढून आणा' म्हणत नाही. आणि पोस्टरवर कुठं सीपीआर लिहिणार असाल तर छाती दाबायची पद्धत असं सरळ फोडून लिहा, कोल्हापुरात सीपीआर म्हणजे दसरा चौकाजवळचा सरकारी दवाखाना.